दूर अंतराळातील स्वायत्त कामकाज

पृथ्वीवरील नियंत्रण केंद्राच्या उत्तराची वाट न पाहता, यानावरचे संगणक, उपकरणे आणि साठवलेली माहिती यांच्या आधारे अंतराळवीरांनी स्वतःच बिघाड ओळखणे, उपाय ठरवणे, दुरुस्ती करणे आणि आपले वेळापत्रक आखणे. मंगळासारख्या लांबच्या मोहिमा याशिवाय शक्य नाहीत.

याचे मूळ रेडिओ लहरींच्या वेगात आहे. संदेश चंद्रापर्यंत सुमारे १.३ सेकंदांत पोहोचतो. मंगळ जवळ असेल तर ३ मिनिटे लागतात आणि फार दूर असेल तर सुमारे २२. तेव्हा प्रश्न विचारून उत्तर हाती येईपर्यंत पाऊण तास जाऊ शकतो. शिवाय साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य मधे आला, की जवळपास दोन आठवडे संपर्काचा भरवसा नसतो. यानात धूर झाला किंवा हवा गळू लागली तर एवढा अवधी मिळत नाही.

आजवरच्या मानवी मोहिमा मात्र जमिनीशी सतत चाललेल्या संभाषणावर उभ्या आहेत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानातील प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा ते पृथ्वीपासून सुमारे ३.२ लाख किमी. दूर होते. तिघा अंतराळवीरांनी चंद्रावर उतरण्यासाठी असलेल्या चांद्रयानात आसरा घेतला. पण तेथील कार्बन डायऑक्साइड शोषणारी गाळणी गोल होती, आणि मुख्य यानात शिल्लक होती ती चौकोनी. पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पोशाखाच्या नळ्या व चिकटपट्टी वापरून जोड कसा करायचा, हे ह्यूस्टनमधील नियंत्रण केंद्राच्या अभियंत्यांनी आधी स्वतः करून पाहिले आणि मग कृती आवाजी संदेशाने वाचून दाखवली. हा प्रसंग जिद्दीची कथा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो परावलंबनाचाही उत्तम नमुना आहे: हात वर होते, डोकी खाली.

वैद्यकीय बाजूही तशीच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गुठळी आढळल्याचे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०२० मध्ये प्रसिद्ध केले. सोनोग्राफी अंतराळवीराने स्वतःच केली, पण तपासणीयंत्र कुठे धरायचे हे जमिनीवरील तज्ज्ञ त्याच क्षणी सांगत होते. गुठळीवरच्या इंजेक्शनांचा साठा मर्यादित असल्याने मात्रा जपून वापरावी लागली. पुढच्या गोळ्या मालवाहू यानाने पोहोचल्या. मंगळाच्या वाटेवर यांपैकी काहीच मिळणार नाही. म्हणून चित्रांसह पायरीपायरीने मार्गदर्शन करणारी, निदानाला मदत करणारी प्रणाली यानातच असावी लागते.

अशी साधने सुट्यासुट्या रूपात तपासली गेली आहेत. पाण्यातील सेंद्रिय कार्बन मोजणाऱ्या यंत्राची देखरेख जमिनीवरून काढून अंतराळवीरांच्या हाती देण्याचा प्रयोग नासाने २०१४ च्या सुमारास केला. ‘प्लेबुक’ या प्रणालीने त्यांना आपला दिवस स्वतः आखण्याची मुभा दिली. २०१४ मध्येच स्थानकावरील त्रिमितीय मुद्रकाने, पृथ्वीवरून पाठवलेल्या आराखड्यावरून पाना तयार केला. २०१८ मध्ये जर्मनीचा ‘सायमन’ हा तरंगता, बोलता मदतनीस अलेक्झांडर गेर्स्ट यांच्यासोबत काम करू लागला. गाणे थांबव म्हटल्यावरही त्याने ते सोडले नाही, हा किस्सा बराच गाजला. त्याहून महत्त्वाची गोष्ट मागे राहिली: सायमनची भाषा समजणारी यंत्रणा पृथ्वीवरच्या संगणकांवर चालत होती. मंगळाच्या वाटेवर असा मदतनीस बहुधा मुकाच राहील. नेहमीचे व्यापारी संगणक अंतराळातील किरणोत्सारात टिकतात का, याची चाचणी २०१७ पासून स्थानकावर सुरू झाली. ती या दृष्टीने अधिक उपयोगाची ठरते.

संगणक दिला म्हणजे स्वायत्तता आली असे नाही. अधिकारही द्यावा लागतो. स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकाच्या अखेरच्या मोहिमेत (१९७३–७४; ८४ दिवस) जेरल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग यांचा मिनिट न मिनिट जमिनीवरून ठरवला जात होता. कामे साचली, कुरबुरी वाढल्या. शेवटी दोन्ही बाजूंनी मोकळी चर्चा केली. त्यानंतर नित्याची कामे सवडीने करायच्या यादीत गेली आणि कामाचा वेग सुधारला. याला ‘अंतराळातील संप’ म्हणण्याची प्रथा चुकीची आहे. तसे काही घडले नव्हते.

माहिती, सुटे भाग, औषधे आणि निर्णयाचा हक्क यांपैकी सर्वांत अवघड शेवटचा. यंत्राने सुचवलेले निदान चुकीचे वाटले तर अंतराळवीराने कोणाचे ऐकायचे, याला ठरलेले उत्तर नाही; आणि सगळे यंत्रावर सोपवले तर माणसाचे कौशल्य गंजते.

संदेशांच्या विलंबाचा सराव मुख्यतः जमिनीवर होतो. मॉस्कोतील ‘मार्स-५००’ या ५२० दिवसांच्या प्रयोगात (२०१०–११) सहा जण, तर ह्यूस्टनमधील ‘चॅपिया’ या तशाच प्रयोगाच्या पहिल्या फेरीत (जून २०२३ – जुलै २०२४, ३७८ दिवस) चौघे कृत्रिम विलंबासह राहिले. मंगळाइतका विलंब प्रत्यक्ष उड्डाणात अजून एकाही माणसाने अनुभवलेला नाही.