परमिट रूमच्या आधीची मुंबई : ताजच्या बॉलरूमपासून वरातीपर्यंत

ज्यांनी हा भाग बसमध्ये अर्धवट ऐकला आणि स्टॉप आला म्हणून बंद केला, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना जे राहून गेलं तेही इथे घातलंय.

महाराष्ट्रात कुठल्याही गावात जा, एसटी स्टँडच्या आसपास एक पाटी दिसतेच. 'बिअर बार अँड परमिट रूम'. आपण ती इतक्या वेळा वाचलीय की 'परमिट रूम' म्हणजे नक्की काय असा प्रश्नसुद्धा पडत नाही. कसलं परमिट? तर दारू प्यायचं परमिट. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री. दारू प्यायची तर तब्येतीच्या कारणासाठी सरकारी परवाना घ्यायचा, आणि असे परवानाधारक जिथे बसून पिऊ शकतील ती खोली म्हणजे परमिट रूम. पुढे नियम सैल होत गेले, कायदा मात्र आजही आहे आणि कागदोपत्री आजही परवाना लागतो.

आजचा विषय दारू नाही. त्या कायद्याच्या आधी मुंबईची रात्र कशी होती, त्या रात्री वाजणारे बँड कोणते होते आणि नंतर ते गेले कुठे, हा आहे. उत्तराची सुरुवातच सांगून टाकतो : ते गेले तुमच्या आजीच्या रेडिओत. आणि तिथून तुमच्या चुलतभावाच्या वरातीत.

चला, १९३५ मध्ये जाऊ. ताजमहाल हॉटेल १९०३ पासून उभं आहे, बॉलरूममध्ये संध्याकाळी नाच, साहेब लोक, संस्थानिक, श्रीमंत पारशी. त्या वर्षी तिथे लिऑन ॲबी नावाचा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आला. सगळे वादक कृष्णवर्णीय. त्यांच्या स्वतःच्या देशात ज्या हॉटेलात ते वाजवत, त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळेल याची खात्री नसायची. इथे ते ताजमध्ये मुख्य आकर्षण होते. मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवाला आला, टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. वेदरफर्ड तर परत गेलाच नाही. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलरा होऊन वारला.

अमेरिकन बँड आला, वाजवून गेला, एवढंच झालं असतं तर ती एक गंमतीशीर तळटीप राहिली असती. पण त्या बँडांमध्ये हळूहळू स्थानिक वादक बसायला लागले आणि हे स्थानिक वादक बहुतेक सगळे गोव्याचे होते.

गोव्याचेच का? 'गोवेकरांच्या रक्तातच संगीत असतं' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. रक्तात काही नसतं, शाळेत असतं. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडून संगीताच्या शाळा होत्या. लहान मुलाला तिथे आधी स्वरलेखन वाचायला शिकवायचे, मग हातात व्हायोलिन. प्रार्थनेला गायचं तर वेगवेगळे आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांत गाणार, त्यामुळे हार्मनी कानावर लहानपणापासून. म्हणजे एखाद्या खेड्यातला पोरगा पंधराव्या वर्षी पाच रेघांवरचं कुठलंही नोटेशन समोर ठेवलं की पहिल्या फटक्यात वाजवून दाखवायचा. हे कौशल्य होतं, पण गोव्यात त्याला पगार नव्हता. मग बोट पकडायची आणि मुंबईला यायचं.

मुंबईत उतरल्यावर राहायचं कुठे? तर 'कूड'मध्ये. आपल्याकडे कोकणातल्या गावांच्या गिरणगावात गाळ्याच्या खोल्या असायच्या ना, एका खोलीत एका गावची वीस माणसं, जवळपास तसंच. धोबीतलाव, माझगाव या भागात गोव्यातल्या एकेका गावाची कूड होती. भिंतीशी ओळीने लोखंडी ट्रंका, एका कोपऱ्यात वेदी, रोज संध्याकाळी प्रार्थना आणि नाममात्र भाडं. बोटीवर काम शोधणारे खलाशी, खानसामे, शिंपी आणि वादक, सगळे तिथेच. काही कुडी अजून आहेत. धोबीतलावला मेट्रो सिनेमाच्या मागच्या गल्ल्यांत जुन्या इमारतींच्या पाट्या नीट वाचत गेलात तर गोव्यातल्या गावांची नावं सापडतील.

तर या मुलांमध्ये एक होता हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. मुंबई त्यांना 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखायची. ट्रम्पेट वाजवायचे, लुई आर्मस्ट्राँगसारखं खरखरीत आवाजात गायचे, आणि त्यांना 'भारताचे आर्मस्ट्राँग' म्हणायचे. चाळीसच्या दशकात त्यांचा बँड ताजमध्ये वाजत होता. दुसरे कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, तेही ट्रम्पेटवाले. वेदरफर्डच्या बँडमध्ये वाजवून तयार झालेले. तिसरे सेबॅस्टियन डिसूझा, जे लाहोरच्या एका हॉटेलात बँड चालवायचे आणि फाळणीनंतर मुंबईत आले. आणि चौथे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, व्हायोलिनवादक. हो, तेच नाव. थांबा, येतो त्यांच्याकडे.

आता १९४७ ते १९५० ही तीन वर्षं बघा. इंग्रज गेले. संस्थानं विलीन झाली. बॉलरूममध्ये नाचणारं अर्धं गिऱ्हाईक गेलं. वर दारूबंदी. हॉटेलवाल्यांचं साधं गणित असतं की बँडचा पगार दारूच्या बिलातून निघतो. बिलच नाही तर दहा-बारा माणसांचा बँड कोण पोसणार?

'मोरारजींनी मुंबईचा जॅझ मारला' असं एक वाक्य इंटरनेटवर फिरत असतं. मला ते फार सोपं वाटतं. एक तर वादकांचे पाय कायद्याच्या आधीच सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले होते. १९४७ च्या 'शहनाई'मध्येच पाश्चात्त्य ठेका ऐकू येतो. आणि दुसरं, दारूबंदीच्या काळातही रात्र पूर्ण विझली नव्हती. चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आजचा वीर नरिमन रोड, पन्नास-साठच्या दशकात तिथे दर काही पावलांवर लाइव्ह बँड असलेलं रेस्टॉरंट होतं. बॉम्बेलीज, व्होल्गा, गेलॉर्ड, ॲस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस, ॲम्बॅसेडर हॉटेल. कॉलेजची पोरंपोरी कोल्ड कॉफीचा एक ग्लास दोघांत घेऊन बँड ऐकत बसायची. व्हेनिसमध्ये ख्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवायचे आणि लोर्ना नावाची तरुण मुलगी गायची. कोकणी गाण्यांना त्या दोघांनी जो नाइटक्लबचा बाज दिला, तो गोव्यात आजही प्रत्येक लग्नात वाजतो. पुढे दोघं वेगळे झाले आणि लोर्ना वीसेक वर्षं गायल्याच नाहीत. त्या कहाणीवर बेतलेला 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी सिनेमा २०१४ मध्ये आला. सबटायटल्स लावून बघा, मराठी माणसाला निम्मं तसंच कळतं.

पण चर्चगेटवर छोटे बँड मावायचे, चार-पाच माणसांचे. उरलेल्यांना पोट भरायला दुसरी जागा हवी होती, आणि ती तयार होतीच. हिंदी सिनेमा.

सिनेमाला ते का हवे होते, हे समजून घेण्यात खरी मजा आहे. आपलं संगीत मुळात एका सुरावटीचं. संगीतकार पेटीवर चाल बांधतो, गायक ती गातो, तबलजी ठेका धरतो. हे सगळं कानावर आणि स्मरणशक्तीवर चालतं. पण समोर चाळीस-पन्नास वादक बसलेत, वीस व्हायोलिनं, चार ट्रम्पेट, सॅक्सोफोन, चेलो, आणि गाणं एका दमात रेकॉर्ड करायचंय, कारण तेव्हा वेगवेगळे ट्रॅक नंतर जोडायची सोय नव्हती. एकाने चूक केली की पहिल्यापासून. अशा वेळी प्रत्येकाच्या समोर कागद पाहिजे. तो कागद लिहिणारा माणूस म्हणजे अरेंजर. सुरुवातीचा इंट्रो, दोन कडव्यांमधला म्युझिक पीस, गायक श्वास घेतो तिथला छोटासा भराव, गायकाच्या चालीखालून वाहणारी व्हायोलिनची दुसरी चाल, यातलं बरंचसं हा माणूस रचायचा. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम दोन दशकांहून जास्त केलं. राज कपूरच्या गाण्यांत शब्द सुरू होण्याआधीच जो व्हायोलिनचा लोंढा अंगावर येतो, त्यात त्यांच्या कागदाचा वाटा मोठा.

आणि त्यांचं नाव? सिनेमाच्या टायटल्समध्ये फार तर 'सहाय्यक' म्हणून. रेकॉर्डच्या लेबलवर नाही. आज तुमच्या फोनवरच्या ॲपमध्ये गाण्याचे तीन ठिपके दाबून माहिती उघडलीत तर गायक, संगीतकार, गीतकार. संपलं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून हे मला जास्त खुपतं. आमच्याकडे कुठलीही फाइल उघडा, प्रत्येक ओळीशेजारी ती कुणी आणि कधी लिहिली ते दिसतं. त्या कमांडचं नाव 'ब्लेम' आहे, यावरून आमच्या धंद्याची नियत कळावी. पण निदान नाव तरी राहतं. इथे हजारो गाण्यांची ओळ न् ओळ कागदावर लिहिली गेली, आणि वाजवून झाल्यावर तो कागद बहुतेक वेळा रद्दीत. आज आपल्याला जे कळतं ते ग्रेगरी बूथ यांच्यासारख्या अभ्यासकाने म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या म्हणून, आणि नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' लिहिलं म्हणून.

इथे एक सावधगिरी. 'खरं संगीत गोवेकरांनीच दिलं, संगीतकार नुसते नावाला' असा उलटा टोकाचा दावाही ऐकू येतो. तोही खोटा. चाल ज्याची त्याचीच. मुद्दा एवढाच की गाणं दोन हातांनी बनलं आणि एकाच हाताचा ठसा राहिला.

अँथनी गोन्साल्विस यांचं तर विचित्रच झालं. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःच्या रचनांचा मोठा वाद्यवृंद उभा केला. राग आपले, मांडणी सिंफनीची, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. स्टुडिओबाहेर, स्वतःच्या नावावर काही करायचा तो प्रयत्न होता. फार पुढे गेला नाही, आणि साठच्या दशकात ते अमेरिकेला निघून गेले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा होता, प्यारेलाल. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधला. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ ज्या नावाने स्वतःची ओळख करून देतो, ते प्यारेलाल यांच्या गुरूचं नाव. देशातल्या पोराटोरांना नाव पाठ, आणि ते कुणाचं हे कुणाला माहीत नाही. गोन्साल्विस २०१२ मध्ये गोव्यात वारले.

आता वरात. मी सुरुवातीला म्हटलं होतं ना.

सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. आणि भगवान पालव, म्हणजे भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा, तालमीतला गडी, मारधाडीचे स्वस्त सिनेमे काढणारा. दोघांची दोस्ती जुनी. १९५१ मध्ये भगवानदादांनी 'अलबेला' काढला, हिरो स्वतः, संगीत अण्णांचं, आणि अण्णांच्या हाताखाली चिक चॉकलेट. नुसते हाताखाली नाहीत, एका गाण्यात चिक आणि त्यांचा बँड पडद्यावर दिसतोसुद्धा. झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेले, मागे उभे राहून वाजवणारे. दारूबंदीने ज्यांचा बॉलरूम रिकामा केला ते वादक थेट तंबूतल्या आणि चार आण्याच्या तिकिटाच्या प्रेक्षकांसमोर आले. ताजच्या दारात ज्याला दरवानाने उभं केलं नसतं, त्या गिरणी कामगाराला ताजचा बँड मिळाला.

आणि भगवानदादांचा नाच बघा. बॉलरूममधल्या स्टेप्स कुणीतरी अंग सैल सोडून, खांदे आणि एक हात तेवढे हलवत, दमायचं नाही असं ठरवून केल्यासारख्या. तो नाच कुणालाही येतो. जोडीदार लागत नाही, बूट लागत नाहीत, जागाही लागत नाही. म्हणून तो मिरवणुकीत शिरला. मग लग्नाच्या ब्रास बँडवाल्यांनी 'अलबेला'च्या चाली उचलल्या. ट्रम्पेटवर बसवलेली चाल, ट्रम्पेटवरच परत आली. लाल कोट घातलेला बँडवाला नवरदेवाच्या घोड्यापुढे जे फुंकतो, त्यात कुठेतरी १९३५ चा ताजचा बॉलरूम आहे. हे त्यालाही माहीत नाही आणि घोड्यालाही.

चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेले, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. संगीतकार म्हणून स्वतःचं नाव लागलेले मोजके सिनेमे मागे राहिले, त्यातला 'नादान' १९५१ चाच. त्यातलं तलत महमूद यांचं गाणं शोधून ऐका, ट्रम्पेटवाल्याने इतकं मवाळ काही रचलं असेल असं वाटणार नाही. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले. भगवानदादा पैसा, बंगला, गाड्या सगळं गमावून दादरच्या चाळीत परत आले आणि २००२ मध्ये वारले. जुने दादरकर सांगतात की गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीखाली आली की थांबायची, बँडवाले 'अलबेला'तलं गाणं लावायचे, आणि दादा खाली उतरून दोन पावलं टाकायचे. मग मिरवणूक पुढे सरकायची.