ग्लुटेनमुक्त हमी

सीलिॲक रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी उत्पादकाकडून मागून घेतलेली खात्री, की अमुक पदार्थात गहू, जव वा राय यांतले ग्लुटेन हे प्रथिन नाही. सीलिॲकला बोलताना सर्रास 'गव्हाची ॲलर्जी' म्हणतात. प्रत्यक्षात ग्लुटेन पोटात गेले की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 च्या सुमारास दाखवून दिला. उपचार एकच, जन्मभराचे पथ्य.

पथ्यात किती कण चालतात? दिवसाला 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्याने आतड्याला इजा झाल्याचे 2007 च्या एका इटालियन अभ्यासात दिसले. मैद्याच्या हिशेबाने हे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमूटभर. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाच्या 2008 च्या मानकानुसार 'ग्लुटेनमुक्त' पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही हीच मर्यादा स्वीकारली आहे. ग्लुटेनयुक्त धान्ये घटक म्हणून असतील तर वेष्टनावर तसे जाहीर करण्याची सक्ती 2020 च्या लेबल-नियमांत आहे.

मुंबईच्या घोडपदेव, लालबाग, परळ या गिरणगावात कोकणचा भात आणि घाटावरची भाकरी दोन्ही नांदली. त्यामुळे पथ्याचे जेवण इथे परके नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी चालतात. उपासाची वरई, साबुदाणा, राजगिराही चालतो. अडचण पिठाच्या गिरणीत येते. दळणाचा डबा ठेवताना 'कशावर दळताय?' असे विचारायची इथल्या बायकांची जुनी सवय आहे: ज्वारी ज्वारीवर, तांदूळ तांदळावर, उपासाचे दळण वेगळे. हेतू चवीचा आणि सोवळ्याचा, पण कारखान्याला विचारायचा नेमका प्रश्न हाच असतो. फरक इतकाच, की गव्हानंतर मूठभर ज्वारी फिरवून जाते 'साफ' केले तर भाकरीला पुरते, सीलिॲकला पुरत नाही. म्हणून बरीच कुटुंबे घरघंटी घेतात.

मोठा चकवा हिंगाचा. अफगाणिस्तान, इराणकडून येणारा कच्चा हिंग चिकट आणि जहाल असतो. तो डिंक आणि मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात बांधला की बाजारातला बांधानी हिंग होतो. डबीतली पूड असो की खडा. लालबागच्या मसाला गल्लीत मिरची-धणे डोळ्यांदेखत कांडून मिळतात, हिंगाचा खडा मात्र आयता येतो. फरसाणाच्या पाकिटावर नुसतेच 'हिंग' छापलेले असले, तर तो कशात बांधला हे विचारल्याशिवाय कळत नाही. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, मागून घ्यावा लागतो. सोया सॉस, माल्टची पेये, थालिपिठाची भाजणी, मेतकूट यांचीही अशीच चौकशी करावी लागते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचाच; तिथे विचारण्यासारखे काही नाही, नको म्हणायचा संकोच तेवढा असतो.

उत्पादकांची उत्तरे एका मोलाची नसतात. 'आम्ही गहू वापरत नाही' हे सर्वांत स्वस्त उत्तर. त्यात फक्त कृती कळते. त्याच यंत्रावर शेवया किंवा बिस्किटे होतात का, हे सांगणारे उत्तर त्याहून उपयोगाचे. खरी हमी तयार मालाच्या तपासणीची: ग्लुटेन मोजणारी एलायझा चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली, आकडा किती आला, प्रत्येक बॅचची होते की वर्षातून एकदा. हे सारे लेखी आणि बॅच क्रमांकासह मागावे. फोनवरच्या 'हो हो, चालेल'ला अर्थ नाही. 'गहू हाताळणाऱ्या कारखान्यात तयार' अशी सूचना वाचून ग्राहक चिडतात. ती छापणारा उत्पादक निदान काहीतरी सांगतो. सूचना नसलेल्या पाकिटाबद्दल मात्र काहीच गृहीत धरता येत नाही.

वेष्टनावर 14 अंकी परवाना क्रमांक आणि ग्राहक-संपर्क असतो, पत्र तिथेच धाडतात. ग्लुटेनमुक्त म्हणून विकलेला माल संशयास्पद वाटला तर प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पुरवठादार बदलला की जुने पत्र कुचकामी ठरते, त्यामुळे जाणती घरे दिवाळीच्या खरेदीआधी तेच प्रश्न पुन्हा पाठवतात.