आनंदीबाईंचा विषय

आनंदीबाई जोशी अमेरिकेला कशा गेल्या, हे बहुतेक मराठी वाचकांना सांगता येते. तिथे त्यांनी कोणत्या विषयावर प्रबंध लिहिला, असे विचारले तर साहित्याच्या वर्गातही सहसा शांतता पसरते. यात वाचकांचा दोष थोडाच आहे. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ही कथा घराघरांत पोहोचवली आणि शीर्षकापासूनच ती एका विलक्षण दांपत्याची कथा झाली. पुढे नाटक आले, २०१९ साली त्याच नावाचा चित्रपट आला. कल्याणच्या पोस्टातले विक्षिप्त गोपाळराव, नवव्या वर्षी त्यांच्याशी लग्न झालेली यमुना, परदेशातले एकाकीपण आणि बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच आलेला मृत्यू, इतका ऐवज हाताशी असताना लेखकाला प्रबंधाची गरज वाटू नये, हे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे एक विद्यार्थिनी आपल्या वाङ्मयातून निसटली, ती निसटलीच.

‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा त्या प्रबंधाचा विषय. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजने त्यांना एम. डी. ही पदवी दिली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. इथे एक खुलासा आवश्यक आहे. तेव्हाची अमेरिकेतील एम. डी. ही आजच्यासारखी पदव्युत्तर पदवी नव्हती. ती वैद्यकाची पहिलीच पदवी होती. शरीरशास्त्र, शवविच्छेदन, औषधशास्त्र, शल्यचिकित्सा असे सर्वच विषय शिकावे लागत. ‘स्पेशालिटी’ निवडण्याची आजची व्यवस्था अस्तित्वातच नव्हती. विद्यार्थ्याचा कल प्रकट होण्याची जागा म्हणजे शेवटचा प्रबंध. म्हणून त्याच्या विषयाकडे निवड म्हणून पाहायला हवे.

ही निवड का, याचे एक उत्तर प्रत्येक चरित्रपर लेखात तयार असते. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, तो दहा दिवसच जगला, आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय उपजला. दुःख खरेच होते, यात शंका नाही. परंतु एका बाईच्या बौद्धिक निर्णयाला मातृत्वाखेरीज दुसरे कारण असू शकते, हे आपल्याला सुचत नाही, ही गोष्ट मला खटकते. गोमंतकातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हेही प्रसूतिशास्त्राकडेच वळले. गर्भाशयमुखाला घालायचा त्यांचा टाका १९५५ साली जगापुढे आला आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांनी हा विषय का निवडला, याचा शोध कोणी त्यांच्या घरातल्या पाळण्यात घेतलेला नाही.

आनंदीबाईंनी स्वतः काय सांगितले? २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची निकड आहे, हे सांगून त्या थांबल्या नाहीत. इथेच का शिकत नाही, या प्रश्नालाही त्यांनी उत्तर दिले. मद्रासला एक कॉलेज आहे, सुईणीच्या कामाचे वर्ग इतर इलाख्यांतही आहेत, पण तिथले शिक्षण सदोष आणि अपुरे आहे, असा त्यांचा रोख होता. याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. बाळंतपणाचे काम शिकायचे एवढेच त्यांच्या मनात असते, तर वाट इथेही होती. ती त्यांनी नाकारली. आधी पूर्ण वैद्यक, मग त्यातले प्रसूतिशास्त्र, असा तो क्रम आहे. सुईण आणि डॉक्टर यांतला फरक ठाण्या-कल्याणकडच्या या सतरा वर्षांच्या मुलीने भर सभेत स्पष्ट केला होता.

शिवाय त्या काळी हा विषय मवाळ नव्हता. जखमांच्या जंतुघ्न उपचारांबद्दल लिस्टरने १८६७ मध्ये लिहिले. १८८२ मध्ये लाइपझिगच्या सेंगरने सिझेरियननंतर गर्भाशय शिवण्याची पद्धत मांडली. प्रसूतिशास्त्र झपाट्याने शस्त्रक्रियेकडे सरकत होते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांनी ही वाट सुखासुखी मिळवलेली नव्हती. १८६९ साली याच कॉलेजच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेचे प्रात्यक्षिक पाहायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. पुढे १८७५ साली तिथल्याच प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापिका एमेलिन क्लीव्हलंड यांनी पोट उघडून अंडाशयाची गाठ काढली. आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा हे आसन ॲना ब्रूमॉल यांच्याकडे होते.

आपल्याकडेही हा विषय मुळात शल्याचाच. सुश्रुतसंहितेत मूढगर्भावर, म्हणजे अडलेल्या गर्भावर, निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत, आणि गर्भ शस्त्राने बाहेर काढण्याची वर्णने वाचताना आजही अंगावर काटा येतो. अमेरिकेत बसून आपल्या परंपरेतील प्रसूतिविद्येवर लिहिणे म्हणजे, निदान माझ्या वाचनानुसार, आपण रिकाम्या हातांनी आलेलो नाही, असे सांगणेही होते.

तरीही ही निवड सर्वस्वी मुक्त होती, असे म्हणता येत नाही. कॉलेजकडे प्रवेश मागताना आनंदीबाईंनी मांडलेला युक्तिवाद असा, की आमच्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील. याच युक्तिवादाने हिंदुस्थानी स्त्रीसाठी वैद्यकाचे दार उघडले. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला, १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले. पण दार उघडताना आतल्या खोल्याही ठरून गेल्या. स्त्री डॉक्टर हवी ती स्त्रियांसाठी. मग तिने हाड जोडायला किंवा मेंदू उघडायला का शिकावे? आज कळव्यातील महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीपुढे अस्थिशल्यापासून नेत्रशल्यापर्यंत सगळ्या शाखा कागदोपत्री खुल्या असतात. नीट-पीजीतला क्रमांक त्यांतल्या निम्म्या आधीच मिटवतो, आणि उरलेल्यांबाबत घरची वडीलधारी माणसे सांगतात, ‘मुलीच्या जातीला गायनॅक बरे.’ आनंदीबाईंनी झगडून मिळवलेला विषय असा सोयीच्या सल्ल्यात मोडावा, हा इतिहासाचा चमत्कारिक उलटफेर आहे.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. ती हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. एकही बाळंतपण डॉक्टर म्हणून आपल्या गावी करता आले नाही. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली त्यांचे चरित्र लिहिले, त्यानंतर काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले, आणि पत्रे, आठवणी यांतून पुढची सगळी कथा वाढत गेली. त्या कॉलेजचा दप्तरसंग्रह आता फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. मराठीच्या एखाद्या विद्यार्थ्याने आनंदीबाईंवर शोधनिबंध घ्यायचे ठरवले, तर कादंबरी बाजूला ठेवून त्याने तिथून सुरुवात करावी.