तत्त्वज्ञानाच्या शाखा आणि रोममधील दोन दिवस

तत्त्वज्ञानाचा परिचय करून द्या असे सांगितले म्हणजे वक्त्याची एक ठराविक वाट असते. सत्तामीमांसा, ज्ञानमीमांसा, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, सौंदर्यशास्त्र अशी यादी तो देतो आणि श्रोते ती वहीत उतरून घेतात. यादीत चूक काहीच नसते. परंतु या शाखांवाचून कोणाचे काही अडते काय, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून ती बाजूस ठेवून आम्ही एक जुनी हकीकत सांगणार आहो.

इ. स. पू. १५५ साली अथेन्सचे एक शिष्टमंडळ रोमला गेले. कारण अगदी व्यवहाराचे होते. अथेन्सकरांनी ओरोपस हे शेजारचे गाव लुटले होते व त्याबद्दल त्यांना ५०० टॅलन्ट दंड झाला होता. तो कमी करून घेण्यासाठी अथेन्सने सेनापती किंवा सावकार न पाठविता तिघे तत्त्वज्ञ पाठविले : प्लेटोच्या अकादमीचा प्रमुख कार्नीअडीझ, स्टोइक पंथाचा डायोजिनीस आणि ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील क्रिटोलेअस. (दिवसा दिवा घेऊन माणूस शोधणारा डायोजिनीस तो हा नव्हे, त्याला जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली होती.)

क्रिटोलेअसविषयी येथे फारसे सांगण्याजोगे नाही. डायोजिनीसच्या पंथाने मात्र तत्त्वज्ञानाचे तीन भाग पाडून त्यांचा परस्परसंबंध लावला होता : तर्क, निसर्गविचार आणि नीती. आज आपण ज्ञानमीमांसा म्हणतो ती त्यांच्या तर्कात येई. जग कशाचे झाले, आत्मा काय, देव काय, हा सत्तामीमांसेचा प्रांत त्यांच्या निसर्गविचारात येई. हे लोक शेताची उपमा देत. तर्क हे शेताचे कुंपण, निसर्गविचार ही जमीन, आणि नीती हे पीक. पुढे पोसिडोनिअस या त्यांच्यापैकीच एकाला ही उपमा पटेना. कुंपण काढले तरी पीक काही काळ उभे राहते, म्हणून त्याने सजीव देहाची उपमा घेतली : निसर्गविचार हे रक्तमांस, तर्क ही हाडे व स्नायू, नीती हा प्राण. आम्हांला ही दुसरी उपमा अधिक खरी वाटते, आणि ती का, हे कार्नीअडीझच्या व्याख्यानांवरून दिसेल.

रोममध्ये त्याने लागोपाठ दोन दिवस व्याख्याने दिली, अशी परंपरा आहे. पहिल्या दिवशी न्यायाची बाजू त्याने अशी मांडली की तरुण श्रोते भारावून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच व्यासपीठावरून त्याने ती खोडून काढली. देशोदेशींचे कायदे निराळे आहेत, तेव्हा न्याय निसर्गात नसून लोकांनी सोयीसाठी ठरविलेला आहे. गलबत फुटले, एक दुबळा मनुष्य फळीला धरून तरंगतो आहे. त्याला ढकलून फळी घेणार नाही तो न्यायी खरा, पण शहाणा म्हणावा काय? आणि सर्वांत बोचरे ते शेवटी : रोमकरांना खरोखर न्यायी व्हावयाचे असेल, तर जिंकलेले सारे परत करून त्यांनी पुन्हा झोपड्यांत राहावयास जावे. जेत्यांच्या राजधानीत, दंडमाफीची याचना घेऊन आलेल्या वकिलाने हे बोलावे, याला धाडस म्हणावे की आणखी काही, हे श्रोत्यांनीच ठरवावे!

येथे शाखांची सरमिसळ कशी झाली पाहा. प्रश्न नीतीचा, पण न्याय निसर्गात आहे की माणसाने केला आहे, हे सत्तामीमांसेत शिरल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते आपल्याला निश्चित कळते काय, हे विचारताच ज्ञानमीमांसा पुढे येते. निश्चित ज्ञान होत नाही, संभाव्यतेवर चालावे लागते, हे तर कार्नीअडीझचे मुख्य मत होते.

आपल्याकडे न्यायसूत्रांनी वाद, जल्प व वितंडा असा भेद केला आहे. स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा केवळ पाडणे ती वितंडा. कार्नीअडीझ वितंडक होता काय? आम्हांला तसे वाटत नाही. अन्याय चांगला असे त्याला म्हणावयाचे नव्हते. लोक न्यायाला जे टेकू देतात ते किती कच्चे आहेत, एवढेच त्याने दाखविले.

वृद्ध केटोला हा भेद मान्य नसता. सहा वर्षांपूर्वीच, इ. स. पू. १६१ मध्ये, सिनेटने तत्त्वज्ञांना शहराबाहेर घालविण्याचा ठराव केला होता. या पाहुण्यांचे काम लौकर उरकून त्यांना त्यांच्या पाठशाळांकडे परत धाडा, रोमच्या तरुणांनी कायदा व अधिकारी यांचेच ऐकावे, असा आग्रह केटोने धरला. केटोला आम्ही हसत नाही. युक्तिवादाने काय सैल होऊ शकते, हे टाळ्या वाजविणाऱ्यांपेक्षा त्याला अधिक कळले होते.

दंड १०० टॅलन्टवर आला. पाहुणे गेले, पण दुसऱ्या दिवसाचे व्याख्यान मागे राहिले. कार्नीअडीझने स्वतः एक अक्षर लिहिले नाही. सुमारे शंभर वर्षांनी सिसेरोने राज्यव्यवस्थेवरील आपल्या संवादात ती अन्यायाची बाजू फायलस या पात्राच्या तोंडी घातली आणि लीलिअसकडून तिला उत्तर देवविले. हा ग्रंथही पुढे बहुतांशी हरवला. १८१९ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आंजेलो माई यांना एका चर्मपत्रावर ऑगस्टीनच्या स्तोत्रभाष्याखाली पुसट झालेली त्याची अक्षरे सापडली. फायलसच्या भाषणातील बरीच पाने मात्र तेथेही नव्हती. फळीचा दृष्टांत आपल्याला मिळतो तो लॅक्टँशिअस या ख्रिस्ती लेखकामुळे, आणि त्याने तो उतरून ठेवला तोही खोडून काढण्यासाठीच.