जबड्याचा सांधा आणि वाढतें वय



मूल पायरीवरून घसरून हनुवटीवर आपटलें, म्हणजे घरचीं माणसें जखमेला हळद लावतात. फार झालें तर दवाखान्यांत नेऊन टांके घालून आणतात. परंतु हनुवटीवर बसलेला आघात जबड्याच्या हाडांतून थेट कानापुढील सांध्यापर्यंत पोंचतो, आणि कित्येकदां मोडतें तें तेथील हाड. वाढत्या वयांत हा सांधा दुखावला तर जबड्याची वाढ खुंटते काय? या प्रश्नाचें उत्तर मनुष्यास मुक्या प्राण्यांकडून मिळालें आहे.

इ. स. १७३६ मध्यें लंडनचे शस्त्रवैद्य जॉन बेल्चिअर यांनीं असें प्रसिद्ध केलें, कीं मंजिष्ठेच्या जातीचा रंग पोटांत गेलेल्या डुकरांचीं हाडें तांबडीं होतात. नवें हाड कोठें बसतें हें ओळखण्याची ही उत्तम खूण होती. जॉन हंटर यांनीं तिचा उपयोग करून जबडा मागील बाजूस वाढतो असें दाखविलें. पुढें १८६४ मध्यें केंब्रिजचे हंफ्री यांनीं डुकराच्या पिलांच्या जबड्याभोंवतीं तारेचीं कडीं बसविलीं. कांहीं काळानें पाहतात तों मागील बाजूची तार नव्या हाडांत गाडली गेलेली, आणि पुढील बाजूची हाड झिजल्यामुळें मोकळी झालेली!

त्यानंतर विचार सांध्याच्या टोंकाकडे वळला. १९५१ मध्यें सार्नाट व एंगेल यांनीं लहान माकडांच्या जबड्याचें एका बाजूचें टोंक काढून टाकलें. त्या बाजूची वाढ मागें पडून चेहरा वांकडा झाला. यावरून टोंक मोडलें कीं वाढ संपली, असें कोणासही वाटावें. परंतु १९६० मध्यें वॉकर यांनीं तशाच माकडांचीं टोंकें न काढतां केवळ मोडून जागचीं हलविलीं, तेव्हां तीं पुन्हां घडत गेलीं आणि वाढही चालू राहिली. काढून टाकणें निराळें आणि मोडणें निराळें, हा भेद येथें स्पष्ट झाला.

मग भय कशाचें? भय सांधा आखडण्याचें. सांध्यांत रक्त सांचून तो फार दिवस निश्चल राहिला, तर हाडास हाड जुळून येतें. तोंड उघडत नाहीं, हनुवटी मागें राहते, आणि मूल जेवणास व बोलण्यास पारखें होतें. म्हणूनच लहान मुलांत बहुधा शस्त्रक्रिया टाळून मऊ अन्न देतात, आणि वैद्याच्या देखरेखीखालीं जबड्याची हालचाल लवकर सुरू करतात.

तेव्हां हनुवटी फुटलेल्या मुलाचें तोंड पूर्वीसारखें उघडतें काय, उघडतांना एका बाजूस कलतें काय, दांतांवर दांत नीट बसतात काय, हें अवश्य पाहावें, आणि शंका आल्यास वैद्यास दाखवावें. जखम आठवड्यांत भरते. जबड्यास मात्र अजून पुष्कळ वर्षें वाढावयाचें असतें. हें ज्ञान ज्या मुक्या जिवांनीं आपल्या वेदनेनें दिलें, त्यांचें ऋण फेडण्याचा एवढाच मार्ग आपल्या हातीं आहे.