नागरिकत्वहरण

एखाद्याचे नागरिकत्व त्याच्या इच्छेविरुद्ध काढून घेण्याचा शासनाचा अधिकार. भारतात तो नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम १० मध्ये आहे. मुख्यतः नोंदणीने वा देशीयकरणाने नागरिक झालेल्यांनाच तो लागू होतो. कारणे ठरलेली आहेत: फसवणूक, संविधानाविषयी निष्ठाहीनता, युद्धकाळात शत्रूशी व्यापार वा संधान, नागरिक झाल्यापासून ५ वर्षांत किमान २ वर्षांची कैद, सलग ७ वर्षे परदेशी वास्तव्य. ‘दहशतवाद’ या यादीत नाही. जन्माने नागरिक असलेला दहशतवादाच्या खटल्यात दोषी ठरला, तर तुरुंगात जातो. भारतीय मात्र राहतो.

भारतातला जुना वाद बॉम्बचा नव्हता, पाकिस्तानी पासपोर्टाचा होता. मध्य प्रदेशातील एक दांपत्य २६ जानेवारी १९५० नंतर पाकिस्तानात गेले, १९५६ मध्ये तिकडच्या पासपोर्टावर परतले आणि व्हिसाची मुदत संपली तरी इथेच राहिले. राज्याने त्यांच्यावर परकीय म्हणून खटला भरला. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘मध्य प्रदेश राज्य विरुद्ध पीर महंमद’ (१९६२) या निकालात साताऱ्याचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी राज्याचे अपील फेटाळले. संविधानाचा अनुच्छेद ७ संविधान लागू होण्याआधीच्या स्थलांतरापुरता आहे. पुढे नागरिकत्व गेले की नाही हे नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ खाली केंद्र सरकारनेच ठरवायचे, आणि ते ठरेपर्यंत पोलिसांनी कुणाला परकीय समजू नये. त्याच वर्षी इझहार अहमद खान खटल्यात मात्र परदेशी पासपोर्ट हाच परदेशी नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा मानणारा नियम बहुमताने वैध ठरला. म्हणजे निर्णय कुणी घ्यायचा हे स्पष्ट झाले. तो घेताना माणसाला बाजू मांडायला जागा मात्र फारशी उरली नाही.

इस्लामिक स्टेटच्या उदयानंतर पाश्चात्त्य देशांत नागरिकत्वहरणाचा वाद पेटला. १५ व्या वर्षी सीरियाला गेलेल्या शमीमा बेगमचे नागरिकत्व ब्रिटनने २०१९ मध्ये काढले. आईवडिलांमुळे ती बांगलादेशी ठरते, असा ब्रिटनचा दावा. बांगलादेशाने तो झटकला. फ्रान्समध्ये पॅरिस हल्ल्यांनंतर राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी नागरिकत्वहरणासाठी घटनादुरुस्ती मांडली, तिच्या विरोधात न्यायमंत्री क्रिस्तियान तोबिरा यांनी राजीनामा दिला आणि मार्च २०१६ मध्ये प्रस्ताव बारगळला. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, शिक्षा देणे मंत्र्याचे काम नव्हे, या कारणाने असे कलम रद्द केले. या सगळ्यात हाच युक्तिवाद सर्वांत ठाम वाटतो. नागरिकत्व काढल्याने धोका संपत नाही, शेजाऱ्याच्या गळ्यात पडतो.

राज्यविहीनता कमी करण्यासाठीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत पक्षकार नाही. कलम १० मध्येही, माणूस राज्यविहीन होणार असेल तर आदेश काढू नये, अशी अट नाही.