अमानत आणि नारळ

दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. ती सांभाळायची आणि जशीच्या तशी परत करायची. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने प्रशांत महासागरातली मार्शल बेटे अमेरिकेच्या हाती दिली, ती ‘विश्वस्त प्रदेश’ म्हणून. म्हणजे अमानतच.

पण त्याच्या आदल्याच वर्षी तिथल्या बिकिनी बेटावरून १६७ रहिवाशांना हलवून अणुचाचण्या सुरू झाल्या होत्या. १९५८ पर्यंत बिकिनीत २३ स्फोट झाले. १ मार्च १९५४ चा ‘ब्राव्हो’ तर हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट होता. त्यानंतर सुमारे महिनाभराने, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली.

१९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जाहीर केले की बिकिनीकरांना आता घरी परतता येईल. किरणोत्सर्गाचा हिशोब झाला होता. चूक निघाली ती ताटात. माणूस रोज किती नारळ खाईल, हा आकडा फारच कमी धरला होता. सोलापूरकराचा आहार मोजताना ज्वारीची भाकरीच विसरावी, तसे झाले.

बेटाची माती प्रवाळाची, तिच्यात पोटॅशियम फार थोडे. किरणोत्सर्गी सिझियम रासायनिक गुणांत पोटॅशियमसारखेच. त्यामुळे झाडे तेच मुळांतून ओढून घेतात, आणि ते नारळात, केवड्याच्या जातीच्या फळांत उतरते. सत्तरच्या दशकात काही कुटुंबे परतली. नवी लावलेली माडाची झाडे फळू लागली, तसे तपासणीत माणसांच्या शरीरातले सिझियम वाढताना दिसले. १९७८ मध्ये शंभराहून जास्त लोकांना पुन्हा बेट सोडावे लागले. पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनीही सांगितले की बेटावरचेच अन्न खाऊन तिथे कायम राहणे योग्य नाही. मातीत पोटॅशियम खत घालण्यासारखे उपाय आधी करावे लागतील.

बेट लांबचे असले, तरी प्रश्न जवळचा आहे. आपल्या कोकणात जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाशेजारी साखरीनाटे हे मच्छीमारांचे गाव आहे. तिथे बहुतेक घरे मुसलमानांची. अशा गावासाठी धोक्याचा हिशोब मांडणाऱ्याने पहिला प्रश्न घरातल्या बाईला विचारायला हवा: रोज ताटात किती मासळी असते? कागदावरचा सरासरी माणूस काहीच खात नाही. खातात ती खरी माणसे, आणि अमानत त्यांचीच असते.